अभ्यासिकेची हवा आणि कुंडीतली झाडे : प्रकल्प नोंदी

३० जून २०२५

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि आता शासकीय सेवेत असलेल्या एका माजी विद्यार्थिनीने देणगी देऊ केली आहे. या पैशांतून हवा शुद्ध करणारी झाडे घेऊन ती अभ्यासिकेत ठेवावीत, अशी तिची इच्छा आहे. कार्यकारिणीने प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला असून आखणीचे काम माझ्याकडे दिले आहे. सदाशिव पेठेत राहून परीक्षांची तयारी करणारी बहुतेक मुले कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेच्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या दिवसभराच्या श्वासातला सर्वांत मोठा वाटा आमच्या या एका खोलीतला आहे. म्हणून झाडे आणण्याआधी त्यांनी नेमके काय साधणार आहे हे तपासून घ्यायचे, असे मी ठरवले आहे.

४ जुलै २०२५

अभ्यासिकेची लांबी ३० फूट, रुंदी २० फूट आणि उंची १० फूट आहे, म्हणजे आत सुमारे १७० घनमीटर हवा मावते. खुर्च्या ४० आहेत आणि परीक्षा जवळ आली की एकही रिकामी राहत नाही. रस्त्याकडच्या खिडक्या गोंगाटामुळे कायम बंद असतात. वातानुकूलन यंत्र दोन भागांचे, भिंतीवर बसवलेले आहे. या प्रकारचे यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, ही गोष्ट कार्यकारिणीतल्या अनेकांना ठाऊक नव्हती. मागच्या भिंतीला जुन्या वाड्याच्या अंगणाकडे उघडणारे दोन मोठे झरोके आहेत, पण यंत्र बसवताना ते प्लायवूडने बंद करण्यात आले.

हवा बिघडवणाऱ्या गोष्टींची पाहणी केली. नवी टेबले लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांची आहेत. अशा फळ्यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड दीर्घकाळ झिरपत राहते आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. पुस्तकांच्या कपाटांत कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवलेल्या आहेत. संध्याकाळी पहारेकरी दाराशी डासांची कॉइल लावतात. सकाळी उदबत्ती लागते, फरशीला फिनेल असते आणि दुपारनंतर कोणीतरी सुवासिक फवारा मारते. या सगळ्यात भर पडते ती ४० माणसांच्या श्वासाची आणि रस्त्यावरून फटींवाटे येणाऱ्या धुराची.

१२ जुलै २०२५

घरातली झाडे हवा शुद्ध करतात हा समज जगभर पसरला तो प्रामुख्याने अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या १९८९ सालच्या अहवालामुळे. त्यामागचा प्रश्न खरा आणि महत्त्वाचा होता. १९७३ साली स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेच्या आतल्या हवेत शंभराहून अधिक बाष्पनशील सेंद्रिय रसायने आढळली होती आणि पूर्णपणे बंद असलेल्या यानात ती काढून टाकायची कशी, याचा शोध चालू होता. मिसिसिपी राज्यातील स्टेनिस अवकाश केंद्रात बी. सी. वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या हवाबंद पेट्यांत एकेक झाड ठेवले, आत बेंझीन, ट्रायक्लोरोएथिलीन किंवा फॉर्माल्डिहाइड सोडले आणि २४ तासांनी त्याचे प्रमाण किती टक्क्यांनी घटले ते मोजले. घट चांगलीच होती. हे प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते आणि त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही.

अडचण सुरू होते ती त्या टक्क्यांचा अर्थ लावताना. प्रयोगातल्या लहान पेट्यांची बाजू ३० इंचांची होती, म्हणजे तिच्यात अर्धा घनमीटरही हवा नव्हती. शिवाय पेटी बंद असल्याने बाहेरची हवा आत येत नव्हती आणि आतली बाहेर जात नव्हती. प्रयोग याच परिस्थितीपुरता खरा होता. पुढे मात्र झाडांची यादी तेवढी उरली आणि पेटी विसरली गेली. दर १०० चौरस फुटांना एक झाड पुरे, हा सल्लाही त्याच यादीबरोबर फिरत राहिला. देणगीदार ताईंच्या अंदाजपत्रकातला झाडांचा आकडाही याच हिशेबाने काढलेला आहे.

वुल्व्हर्टन यांच्या अहवालातली एक महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रसायने शोषण्यात पानांपेक्षा मुळांभोवतीच्या मातीचा वाटा मोठा दिसतो, असे त्यांनी त्याच वेळी नोंदवले होते आणि म्हणूनच पंख्याने हवा मुळांच्या व सक्रिय कोळशाच्या थरातून ओढून घेणाऱ्या कुंडीचीही त्यांनी चाचणी केली होती. पुढे सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत झाड उपटून काढल्यावरही कुंडीतली माती काही काळ बेंझीन काढत राहिली. म्हणजे काम मुख्यतः मातीतल्या सूक्ष्म जीवाणूंचे असते आणि झाड त्यांना जगवते. हे वाचून मला आनंद झाला, कारण कुंडीतल्या मातीविषयीचा माझा आदर त्यामुळे वाढला. अभ्यासिकेचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही.

१५ जुलै २०२५

आज आकडेमोड पूर्ण केली. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी २०१९ साली तोवर प्रसिद्ध झालेल्या १२ अभ्यासांमधले १९६ प्रयोगांचे निकाल एकत्र केले आणि टक्क्यांऐवजी प्रत्येक झाड तासाला किती घनमीटर हवा शुद्ध करते हे काढले. मधली किंमत तासाला केवळ ०.०२३ घनमीटर, म्हणजे २३ लिटर निघाली. खोलीतल्या नेहमीच्या हवापालटाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जमिनीवर १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा वेग मी आधी ३० इंची पेटीला लावून पाहिला. असे एक झाड २४ तासांत पेटीतले सुमारे ७० टक्के रसायन काढून टाकते, म्हणजे ‘नासा’च्या आकड्यांशी ते सुसंगत आहे. मग तेच झाड आमच्या १७० घनमीटरच्या अभ्यासिकेत ठेवले असे धरले. दारे-खिडक्या पूर्ण बंद आहेत आणि नवे प्रदूषण अजिबात होत नाही असे मानले, तरी हवेतले रसायन निम्म्यावर यायला त्या झाडाला सुमारे सात महिने लागतील. प्रत्यक्षात दाराखालच्या आणि चौकटींच्या फटींतून अशा खोलीतली निम्मी हवा तासाभरात बदलते असे धरायला हरकत नाही, म्हणजे तासाला ८५ घनमीटर. नुसत्या फटींची बरोबरी करायला साधारण ३,७०० झाडे लागतील. झाड पेटीतही तेच होते आणि खोलीतही तेच आहे. बदलला तो हवेचा आकार.

संध्याकाळी देणगीदार ताईंशी फोनवर सविस्तर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग दिल्लीच्या त्या इमारतीचे काय? तिथे तर झाडांमुळेच हवा शुद्ध राहते असे मी वाचले होते.” त्यांचा रोख नेहरू प्लेसमधील पहाडपूर बिझनेस सेंटरकडे होता. ते केंद्र चालवणारे कमल मित्तल यांनी २००९ साली एका जाहीर व्याख्यानात सांगितल्यानुसार तिथे ३०० माणसांसाठी १,२०० झाडे होती आणि त्यांत अरेका पाम, स्नेक प्लांट व मनीप्लांट यांवर भर होता. दर माणशी चार झाडे म्हणजे आमच्या ४० खुर्च्यांसाठी १६० कुंड्या होतात आणि मग विद्यार्थ्यांना बसायला जागा उरत नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, त्या इमारतीत बाहेरून येणारी हवा धुऊन व गाळून आत सोडणारी यंत्रणाही होती. त्यामुळे तिथल्या स्वच्छ हवेतला झाडांचा वाटा किती आणि यंत्रणेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ताई म्हणाल्या, “मग तुम्ही मोजून बघा, आणि जे खरे असेल ते करू या.” या वाक्यामुळे काम करणे पुष्कळ सोपे झाले आहे.

२ ऑगस्ट २०२५

मोजणीसाठी वाचनालयाची दप्तराची खोली निवडली, कारण ती लहान आहे आणि रात्री कोणी तिकडे फिरकत नाही. सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेने स्नेक प्लांट, मनीप्लांट, अरेका पाम आणि पीस लिली यांच्या भरलेल्या कुंड्या काही दिवसांसाठी उसन्या दिल्या. पद्धत अशी ठेवली की, खोलीत एक उदबत्ती जाळून विझवायची, दार बंद करायचे, पंखा बंद ठेवायचा आणि स्टुलावरच्या मीटरने सूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे प्रमाण सकाळपर्यंत नोंदत राहायचे. एका रात्री कुंड्या आत ठेवून आणि दुसऱ्या रात्री बाहेर काढून. हे मीटर कणांवरून परतणाऱ्या प्रकाशावरून मोजमाप करतात आणि हवा फार दमट असली की कण पाणी धरून फुगतात, त्यामुळे आकडा खराहून मोठा दिसतो. पावसाळ्यात ही अडचण मोठी असल्यामुळे ज्या रात्रींचा दमटपणा जवळपास सारखा होता त्यांचीच एकमेकींशी तुलना केली.

कुंड्या असताना आणि नसताना कण घटण्याचा वेग सारखाच राहिला. आलेख एकमेकांवर ठेवले तर कोणता कोणत्या रात्रीचा हे ओळखता येत नाही. कारणही समजण्यासारखे आहे. कण पानांवर बसतात हे खरेच आहे, आणि म्हणूनच पाने धुळीने माखतात. पण कोणत्याही खोलीत भिंती, छत आणि फरशी यांचा पृष्ठभाग आधीपासूनच त्याहून कितीतरी मोठा असतो; अभ्यासिकेत तर तो सुमारे २०० चौरस मीटर आहे. त्यात पाच-सहा कुंड्यांनी आणखी दोन-तीन चौरस मीटर पानांची भर घातली, तर फरक दिसणार तरी कुठे?

बाजारात स्वस्तात मिळणारे फॉर्माल्डिहाइडचे मीटर मुद्दाम वापरले नाहीत. त्यांतले अनेक मीटर अत्तर, स्वयंपाकाचा गॅस आणि हात धुण्याचे सॅनिटायझर यांनाही तसाच प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यांच्या आकड्यावरून काहीही सिद्ध झाले असते.

२१ ऑगस्ट २०२५

उसन्या कुंड्यांखालच्या एका बशीत डासांच्या अळ्या सापडल्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पुढे झाडे कोठेही ठेवली तरी बशा वाळूने भरायच्या, हे आजच ठरवून टाकले. पुस्तकांच्या कपाटांजवळ कुंडी ठेवायची नाही, असा आग्रह ग्रंथपाल ताईंनी धरला आहे आणि तो योग्य आहे. पाणी घातलेली माती आणि पाने हवेत बाष्प सोडत राहतात आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागायला तेवढे निमित्त पुरते.

९ सप्टेंबर २०२५

आता ज्या गोष्टीचा मुलांना प्रत्यक्ष त्रास होतो तिच्याकडे वळलो. दुपारी तीनच्या सुमारास डोके जड होते, जांभया येतात आणि वाचलेले डोक्यात शिरत नाही, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाने केली. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे ४० जणांचा ७२० लिटर होतो. बंद खोलीत अर्ध्या तासातच त्याचे प्रमाण दहा लाख भागांत २,००० च्या पुढे जाते, बाहेर मात्र ते ४२५ च्या आसपास असते. कार्बन डायऑक्साइड या पातळीला विषारी नसतो, पण ४० जणांनी सोडलेली हवा ४० जण पुन्हा किती प्रमाणात घेत आहेत याचे ते सर्वांत सोपे माप आहे. सर्दी, फ्लू आणि क्षयाचे जंतूही याच वाटेने एकाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून हे माप मला फार गंभीर वाटते.

झाडे हा वायू घेतात, हे शाळेत शिकलेले आपल्या सर्वांना आठवते. खिडकीजवळच्या चांगल्या उजेडात एक चौरस मीटर पान तासाला पाव लिटर घेते असे सढळपणे धरले, तरी एका विद्यार्थ्यापुरती सत्तर चौरस मीटर पाने लागतील. अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटच्या उजेडात तर घेणे आणि सोडणे यांची जेमतेम बरोबरी होते. याच हिशेबाने उलट भीतीही दूर होते. रात्री झाडे खोलीत ठेवली तर प्राणवायू कमी पडेल, असे अनेक घरांत मानले जाते. पण झाडाचे रात्रीचे श्वसन माणसाच्या तुलनेत इतके अल्प असते की त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

उपाय हवापालटाचाच आहे. प्रमाण १,००० च्या आत ठेवायचे तर तासाला सुमारे १,२५० घनमीटर ताजी हवा आत यायला हवी. बंद केलेल्या दोन झरोक्यांत प्रत्येकी एक पंखा बसवला आणि तो अंगणाकडची हवा आत ढकलेल असे ठेवले, तर हे साध्य होते.

४ ऑक्टोबर २०२५

प्रदूषण जिथे तयार होते तिथेच थांबवण्याची कामे पूर्ण झाली. ती सर्वांत स्वस्त होती. डांबरगोळ्या काढून कपाटांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. टेबलांच्या उघड्या कडांना पट्टी चिकटवून त्या बंद केल्या, कारण फॉर्माल्डिहाइड प्रामुख्याने कापलेल्या उघड्या कडांमधून बाहेर पडते. सुवासिक फवारा बंद केला. पहारेकरी काकांना कॉइलऐवजी दाराला जाळी आणि टेबलपंखा दिला; एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. हा आकडा मी त्यांना सांगितला तेव्हा ते काही क्षण काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “म्हणजे घरी नातवंडांजवळ पण लावायला नको.” या प्रकल्पात झालेल्या सर्व बोलण्यांपैकी हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

उदबत्तीबाबत मतभेद झाले. सरस्वतीच्या तसबिरीपुढे ती लावण्याची प्रथा जुनी आहे आणि ती मोडू नये असे ज्येष्ठांचे म्हणणे होते. आता उदबत्ती बाहेरच्या ओसरीवर लागते आणि तसबीरही तिथेच हलवली आहे.

१७ नोव्हेंबर २०२५

पंखे बसले आणि थंडीही आली. त्यामुळे अपेक्षित असलेला पेच आता प्रत्यक्ष समोर उभा आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वारा पडतो आणि वाहनांचा व शेकोट्यांचा धूर सकाळी उशिरापर्यंत खालीच अडकून राहतो. अशा वेळी बाहेरची हवा भरपूर आत घेतली तर श्वासाची कोंदट हवा जाते, पण सूक्ष्म कण आत येतात. भारताच्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचवली आहे. पेठेतल्या हिवाळी सकाळी यांपैकी सैल मर्यादाही अनेकदा ओलांडली जाते.

यावर उपाय म्हणून तासाला प्रत्येकी ३५० घनमीटर हवा गाळणारी दोन हेपा यंत्रे घेण्याचे ठरले. गाळणी कण पकडते, पण कार्बन डायऑक्साइड पकडू शकत नाही. पंख्याचे नेमके उलटे आहे, म्हणून दोन्ही हवीत. हिशेब असा येतो : दोन्ही पंखे पूर्ण चालू असताना यंत्रांमुळे आतले कण बाहेरच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतील, तर एकच पंखा चालू ठेवला तर ते निम्म्याच्या खाली येतील, पण कार्बन डायऑक्साइड १,६०० च्या जवळ जाईल. सकाळी नऊ ते अकरा या रहदारीच्या वेळात एक पंखा आणि उरलेला दिवस दोन, अशी तडजोड मी सुचवली आहे. ती निर्दोष नाही, पण मुलांच्या दृष्टीने आजच्यापेक्षा निश्चितच बरी आहे. पंख्यांची तोंडे रस्त्याऐवजी अंगणाकडे आहेत, याचाही थोडा लाभ होईल.

८ डिसेंबर २०२५

देणगीदार ताईंच्या संमतीने देणगीचा मोठा भाग पंखे आणि गाळणी यंत्रांसाठी वापरला. उरलेल्या रकमेतून झाडे घेतली आणि ती घेताना मला कोणताही संकोच वाटला नाही. तासन्तास पुस्तकात मान घालून बसलेल्या मुलाला डोके वर केल्यावर हिरवे पान दिसावे, एवढे कारण त्यांच्यासाठी पुरेसे आहे. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर अरेका पाम, ओसरीवर स्नेक प्लांट आणि मागच्या खिडकीत मनीप्लांट ठेवले आहेत. डिफेनबॅकिया घेतले नाही. त्याच्या पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंड आणि घसा सुजतो आणि वाचनालयाच्या बालविभागात लहान मुले येतात. मनीप्लांटमध्येही हे स्फटिक असतात, म्हणून त्याची कुंडी लहानांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगली आहे.

देणगीच्या पाटीवर ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ असा मजकूर आधी ठरला होता. ताईंनी स्वतःच तो बदलून ‘अभ्यासिकेच्या खेळत्या हवेसाठी’ असा करायला सांगितला. दारावर कार्बन डायऑक्साइडचा मीटर टांगला आहे आणि आकडा १,२०० च्या वर गेला की जवळच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याने दुसरा पंखा लावायचा, असे सर्वांना सांगितले आहे. सकाळच्या रहदारीच्या वेळेचा त्याला अपवाद आहे. पंख्यांच्या जाळ्या दर पंधरवड्याला पुसण्याची आणि गाळण्या तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांच्याच गटाने घेतली आहे. फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरल्यावर, सकाळच्या तडजोडीच्या वेळा पुन्हा मोजून ठरवायच्या आहेत.